नाकवाल्यांचं नाक

सर्दीने चार दिवस माझं नाक चोंदलेलं होतं. गार वारा नको म्हणून स्वयंपाकघराची खिडकीही मी लावून ठेवली होती. त्या सकाळी हे रात्रपाळीहून यायच्या बेतात होते. शेजारच्या खोलीत सासूबाई झोपल्या होत्या. चहाचं आधण शेगडीवर ठेवलं आणि लायटर शोधू लागले. तो नेहमीप्रमाणे डब्यांच्या मागे गेलेला. सापडला, हातात घेतला, आणि दार वाजलं. बेल असताना कुणीतरी तळहाताने दार बडवत होतं.

उघडलं तर समोर नाकवाले. खालच्या मजल्यावरचे, शेगड्या दुरुस्त करणारे. सदरा उलटा घातलेला.

"वहिनी, पेटवली का?"

"नाही अजून. का हो?"

"तो लायटर इकडे द्या. आणि दिव्याच्या बटणाला हात लावू नका."

मला बाजूला सारूनच ते आत शिरले. सिलिंडरचं बटण बंद केलं, खिडकी सताड उघडली. असा आडदांडपणा त्यांनी कधी केला नव्हता. तीस वर्षं या माणसाने घरोघरच्या शेगड्या बघितल्या. बाकीचे कारागीर नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावतात, बुडबुडा आला की गळती. हे मात्र डोळे मिटून जोडाजवळ वाकायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. "फेस दाढीला लावतात," असं वर म्हणायचे. म्हणून तर नाकवाले हे नाव पडलं. नाकावर माशी बसू न देणारा माणूस.

काल रात्रीची जेवणं आटोपल्यावर त्यांनीच माझ्या शेगडीची नळी बदलली होती. वाकले, श्वास घेतला, "पक्कं" म्हणाले. मी आपली सासूबाईंना कौतुकाने सांगत होते, बघा, यंत्राला नाही कळणार ते यांना कळतं.

आता तेच नाकवाले माझ्या वाटीत भांडी घासायचा साबण कालवत होते. घाईत अर्धं पाणी ओट्यावर सांडलं. जोडाला फेस लावला आणि बटण क्षणभर उघडलं. एक बुडबुडा फुगला. त्याच्यामागून दुसरा. मग एकामागून एक.

बटण पुन्हा बंद झालं, तरी मी त्या जोडाकडेच बघत राहिले. दाराच्या फटीतून सासूबाईंचे पाय दिसत होते. मी जोरजोरात श्वास ओढला. मला कसलाच वास येत नव्हता. सर्दीच ती.

"तुम्हाला आत्ता येतोय का हो वास?" मी विचारलं.

ते वाटीतला साबण ढवळत राहिले.

"अगं बाई, केवढा वास हा!" दारातून आवाज आला. त्यांची बायको होती. घरी बसून कपडे शिवते, माझी मैत्रीणच. हातात जळका कापडाचा तुकडा. "अहो, इस्त्रीखाली कापड जळतंय, तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय. मी न्हाणीघरातून ओरडत आले तर तुम्ही गायब..."

तिची नजर वाटीवर गेली. मग फेसावर. मग नवऱ्यावर.

मला महिन्यापूर्वीची दुपार आठवली. माझ्याच ओट्याशी टेकून ती म्हणाली होती, "चोवीस वर्षांत माझ्या करपलेल्या दुधाला या माणसाने माफी दिली नाही. आणि परवा करपलेल्या दुधाचा चहा घेऊन म्हणतात, फक्कड! मी मुद्दाम पुन्हा करपवलं. पुन्हा फक्कड! काहीतरी लपवताहेत गं." आणि मी शहाणी तिला म्हणाले होते, वयाने माणूस नरमतो.

"तुम्हाला वास येत नाही," ती म्हणाली.

"तापानंतर गेला. दोन महिने झाले."

"दोन महिने! आणि मी वेडी समजत होते, यांचं माझ्यावरचं मन उडालं. रडले मी, अहो! दुधापायी रडले!"

"सांगितलं असतं तर तू धंदा बंद करायला लावला असतास."

"लावलाच असता!"

"म्हणून तर." ते ओट्याकडे बघत म्हणाले, "बाकीच्या घरी कुणी बघत नसताना फेस लावून घेतला. वहिनी कौतुक करत शेजारी उभ्या राहिल्या. साबण मागायची लाज वाटली."

तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "अजून कुणी उभं राहिलं होतं?"

नाकवाल्यांनी माझ्या खिडकीबाहेर बोट केलं. समोरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर शाळेतल्या बाई राहतात, दोन लहान मुलं घेऊन. "काल संध्याकाळी. धाकटी माझ्या नाकाची नक्कल करत होती. सगळे हसत होते."

मी जिन्यात जाऊन बाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. एरवी या वेळी त्यांची मुलं दप्तरं घेऊन खाली उतरलेली असतात; आज कुणी दिसेना. जिन्यातून बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती. घट्ट बंद. आतून काच धुरकट दिसत होती, की माझेच डोळे भरले होते, कळेना.

नाकवाल्यांनी पाना खिशात घातला, वाटी उचलली आणि निघाले. बायको दारातच उभी होती. ती बाजूला झाली नाही. तेही थांबले. इतक्या वर्षांत त्यांना कुणाकडे काही मागताना मी पाहिलं नव्हतं, अगदी पाण्याचा पेलासुद्धा.

"मला वास येत नाही गं," ते म्हणाले. "तू बरोबर चल. दार उघडलं की आधी तू वास घे, आणि मला खरं सांग."