ममताला शांत खोली हवी होती

“काकू, तुमच्या घरी कोणी येते का जी?”

ममता रहांगडाले माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. फुलचूरला आमची घरं समोरासमोर, पण तोवरची ओळख फाटकातून मान हलवण्यापुरतीच. त्या संध्याकाळी ती थेट ओट्यावर येऊन उभी राहिली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात तिनं हे विचारलं. हे गेल्यापासून माझ्याकडे दूधवाल्याशिवाय कोणी फिरकत नव्हतं, ही गोष्ट खरी. पण खरी असली म्हणून काय अशी तोंडावर विचारायची? मी फणकाऱ्यानं म्हटलं, “नाही येत कोणी.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “मले रोज जराशी बसाले जागा पायजे. आमच्या घरी लय गलका रायते.”

तो गलका मला माझ्या खिडकीतून रोज ऐकू येई. सासू-सासरे, दीर-जाऊ, दोघींची पोरं, शिवाय रहांगडाल्यांच्या घरी पाहुणा नाही असा आठवडा जात नसे. नवरा केशोरीला कृषी सहायक. तो शनिवारी येई आणि सोमवारी पहाटे जाई. ममता स्वतः मुर्रीकडच्या एका राईस मिलमध्ये धानाची खरेदी सांभाळायची. दिवसभर दलालांशी आणि ट्रकवाल्यांशी हुज्जत, संध्याकाळी घरच्या पोळ्या. माझ्याकडे यायची ती ओढणी दारातच झटकून, तरी केसांत धानाचा कोंडा राहायचाच.

तिला बिझनेस स्कूलमध्ये शिकायचं होतं. नोकरी केलेल्या माणसांसाठी एका वर्षाचा अभ्यासक्रम, तोही दूरच्या शहरात, तिथंच राहून. नवऱ्याला तिनं सांगितलं तेव्हा तो टीव्ही पाहत होता. “भर बापा फॉर्म, पैसे काय मी धरून राहिलो?” एवढं म्हणून त्यानं चॅनल बदललं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ही खरंच जाईल असंही त्याला वाटलं नव्हतं. बाकी घरात तिनं कोणालाच सांगितलं नाही.

“तुला हे कशाला हवं आहे?” मी एकदा विचारलं.

“मालकाचा भाचा शिकून आला, काकू. धानाची खरेदी मीच करतो आणि दलालाशी भाव ठरवतो मीच. पण आता मालक मिटिंगमधी त्याले विचारते आणि मले चहा सांगाले लावते.” आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही ‘करतो’ म्हणतात, तशी तीही म्हणायची. “मी बोलतो तं कोणी वर पाहत नाही जी.”

फॉर्ममध्ये एक निबंध होता: पुढं तुम्हाला काय व्हायचं आहे? तिनं तो आठवडाभर लिहिला आणि मला वाचायला दिला. त्यात मिलचा बॉयलर होता, पोरांच्या शाळा होत्या, सासूचे गुडघे होते, धाकट्या नणंदेचं लग्नसुद्धा होतं.

“यात तू कुठं आहेस?” मी विचारलं.

“मीच तं लिहून राहिली न!” ती म्हणाली, आणि मग कागदाकडे बघत बसली. तो निबंध तिनं पुन्हा पहिल्यापासून लिहिला.

माझा तिला खरा उपयोग झाला तो मुलाखतीसाठी. मी नोकरीभर गोंदिया स्टेशनवर उद्घोषणा केल्या. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत साऱ्या स्टेशनशी बोलले आणि माझा चेहरा कोणी पाहिला नाही. माइक जवळ असला की ओरडायचं नसतं, हे मला चांगलं ठाऊक. ममता मात्र मिलच्या घरघरीत बोलून बोलून अशी झाली होती की तिचं ‘गुड मॉर्निंग’ ऐकून माझ्या अंगणातली चिमणी उडायची.

“हळू बोल गं, ते समोरच बसलेले असतात.”

“हळू बोललं तं कोण ऐकते, काकू?” ती म्हणायची. हे तिचं नेहमीचंच होतं. मिलमध्ये तसं, घरीही तसंच. तरी ती रोज यायची, आतल्या खोलीत बसून तेच तेच पुन्हा म्हणायची, आणि मी बाहेर तांदूळ निवडत ऐकायचे. आमचं फार बोलणं होत नसे. पण मधल्या दाराखालून उजेड दिसायचा आणि मला जेवण गोड लागायचं. काम झालं की ही येणं थांबवणार, हे कळत होतं. ते मी मनात येऊ देत नव्हते.

मुलाखत नेमकी आली मंडईच्या दिवशी. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, लेकी-जावई, सोयरे सगळे गावात उतरतात आणि त्या दिवशी सुनेनं चुलीपासून हलायचं नसतं. ममता सकाळीच ढीगभर वडे तळून, “येतोच” म्हणून इकडे आली. आतल्या खोलीत कॉम्प्युटर लावून बसली. थोड्या वेळानं तिची सासू तिला शोधत आली आणि तिच्यामागोमाग पाहुण्या बायका. सून त्या बाईकडे आहे तर आपणही बसून येऊ, असा साधा हिशेब.

माझं घर इतकं भरलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. खुर्च्या पुरेनात, बायका सतरंजीवर बसल्या, कोणी माझ्या लग्नाचा फोटो हातात घेऊन पाहू लागल्या. आणि मला काय करावं लागलं? ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प बसवावं लागलं.

“मुलाखत चालू आहे तिची, कॉलेजची,” मी हळूच सांगितलं.

दाराआडून ममताचा आवाज येत होता. शांत, सावकाश, शिकवला तसा. सासू कान देऊन ऐकू लागली. तिच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. “इतकी हळू काऊन बोलून राहिली ते? घाबरली का काय?”

आतून कॉम्प्युटरवरच्या एका बाईंनी इंग्रजीत विचारलं, वर्षभर घर सोडून राहाल, तर घरच्यांचं काय म्हणणं आहे? ममतानं उत्तर दिलं. सासूनं माझा हात धरला. “काय सांगते ते?”

स्टेशनवरची सवय अशी की गाडी उशिरा असेल तर उशिरा आहे असंच सांगायचं, लपवायचं नाही. मी सांगितलं, “ती म्हणते, घरी खूप माणसं आहेत, चांगली आहेत. पण हे सांगायला निवांत असं एकही माणूस मला सापडलं नाही. समोरच्या घरातल्या काकूंना तेवढं सांगितलं.”

सासूनं माझा हात सोडला. पदर सारखा केला, पाहुण्यांना उठवलं आणि सगळ्यांना घेऊन घरी गेली. सतरंजी तशीच पडून राहिली. मला वाटलं, झालं, आता हिचं काही खरं नाही.

निवड झाल्याचं कळलं त्या संध्याकाळी सासू माझ्या ओट्यावर आली. ममता तिच्या मागं उभी. “मी काय नाही म्हणत होती का, बाई?” ती मलाच रागावून म्हणाली. “पण सांगा तं लागते न! जाय म्हणा तिले. पोरं मी पाहीन.” ममता ढसाढसा रडली, तेही मिलच्या आवाजात.

ती गेली. जाताना माझ्या पाया पडली. “आता तुमाले त्रास नाही जी,” असं म्हणाली, आणि ते तिला खरंच वाटत होतं.

मग एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. अभ्यास अवघड आहे पण जमतो आहे, वर्गात बोलते तेव्हा लोक वळून पाहतात. पोरं फोनवर दोन शब्द बोलतात आणि खेळायला पळतात. हॉस्टेलात तिला एकटीची खोली मिळाली होती.

“काकू, इथं दार लावलं का कोणाचाच आवाज येत नाही. मले रडू येते. तुमी कशा राहता जी असं?”

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. रायपूरच्या माझ्या भावानंही नाही. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि ऐकायला ती तयार होती.

“सवय होते गं,” मी म्हणाले.

होत नाही. पण तिला तिथं वर्ष काढायचं होतं.