आबांनी सोडून दिलेली दुरुस्ती

घड्याळवाले आबा, एवढीच त्यांची ओळख. उभी हयात डोळ्याला भिंग लावून लोकांच्या घड्याळांत घातली, पण एकाही गिऱ्हाइकाला ‘होणार नाही’ म्हणून परत पाठवलं नाही. असा हट्टी माणूस, आणि म्हातारपणी त्याची गाठ पडली कॉम्प्युटरशी.

सुनेच्या ऑफिसने कळवलं होतं, घरून काम करायचं तर कॉम्प्युटरवर ‘होम’ आवृत्तीच्या जागी ‘प्रो’ आवृत्ती घाला, नाहीतर सोमवारपासून ऑफिसला या. मुलाने लायसन्स आणून दिलं आणि तो कामावर पळाला. बायको गेल्यापासून दुपारचं घर आबांना खायला उठायचं. सून शेजारच्या खोलीत टकटक करत असली की जिवाला बरं वाटायचं. म्हणून हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं.

लायसन्सचा नंबर टाकला. ‘अपग्रेड अयशस्वी.’ पुन्हा टाकला, पुन्हा तेच. शेवटी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

“काका, नेट चालू असलं की ते अडतं. आधी नेटची वायर काढा. अपग्रेड झालं की मगच लावा, म्हणजे लायसन्स चालू होईल.”

“अहो, घरात शिरायचं म्हणून आधी दाराला कुलूप लावायचं?”

“तसंच समजा.”

आबांनी वायर काढली, बटण दाबलं आणि जरा पाठ टेकली. उठून बघतात तो ‘अयशस्वी’, आणि वायर परत जिथल्या तिथे खोचलेली! दुसऱ्यांदाही तेच. आबा चक्रावले. काढली होती, की नुसतं वाटलं? डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारे आपण, पण इतके का बिघडलो? त्यांना स्वतःचीच भीती वाटायला लागली.

तिसऱ्यांदा वायर काढून आडवे झाले, पण डोळा लागेना. पाणी प्यायला उठले, तर सून टेबलाखाली वाकून वायर खोचत होती. मग तिने कपाटातून ऑफिसची बॅग काढली, धूळ झटकली, चेन मागेपुढे करून बघितली, आणि काहीतरी गुणगुणायला लागली. या घरात तिचं गुणगुणणं आबांनी कधी ऐकलंच नव्हतं.

ते पाय न वाजवता मागे फिरले. काय कमी होतं हिला इथे? कितीही डोकं खाजवलं तरी कळेना. वाईट मात्र फार वाटलं.

संध्याकाळी त्यांनी हाक मारली. “सूनबाई, हे काही माझ्याच्याने होणार नाही. सोमवारपासून तू आपली ऑफिसलाच जा.”

ती चपापली. “पण आबा, दुपारी तुम्ही एकटे...”

“एकटा कसला? भिंतभर घड्याळं आहेत की,” आबा म्हणाले, आणि नेटची वायर नीट बसली आहे ना, ते स्वतः वाकून बघितलं.