डॉक्टरच्या भिंतीवरची पाठमोरी

दाढ काढायला गेलेला माणूस फार तर दाढ गमावून येतो. मास्तर मात्र झोपही गमावून आले.

मास्तर म्हणजे बायकांचे कोट शिवणारे शिंपी. खाली दुकान, वर घर, मधे कुरकुरणारा जिना. कोटाची पाठ त्यांच्यासारखी बसवणारा दुसरा नाही, असं गल्ली म्हणायची. त्यांच्यासारखा संशयी माणूसही दुसरा नाही, असंही म्हणायची, पण ते जरा हळू आवाजात. शेजाऱ्याने हसून नमस्कार केला तर मास्तर घरी येऊन विचारणार, "याला काय हवं असेल?" आणि त्यांची बायको, जिला अख्खी गल्ली वहिनी म्हणते, कणीक मळता मळता सांगणार, "नमस्कार हवा असेल. परत करून टाका."

तर त्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि हिरडी बधिर होईपर्यंत मास्तरांना तसंच खुर्चीत बसवून ठेवलं. मास्तरांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे एक मोठा काळा-पांढरा फोटो होता. खिडकीशी उभी असलेली बाई, पाठमोरी, अंगात लांब लोकरी कोट. कॉलरच्या वर नुसता उजेड. खिडकीतून आलेल्या प्रकाशाने तिचं डोकं पार गिळून टाकलं होतं.

"आवडला ना?" डॉक्टर खुलले. "आधी इथे किडलेल्या दाताचं चित्र होतं, पेशंट पळून जायचे. हा कलेचा फोटो आहे, मास्तर. लिमिटेड एडिशन. जगात मोजून सात प्रती. हाताने छापल्या, खाली पेन्सिलीने नंबर घातला, सही केली आणि निगेटिव्हला कात्री लावून टाकली. आठवी निघायची नाही."

मास्तरांचं सहीकडे लक्षच नव्हतं. ते कॉलर बघत होते. कॉलरच्या मधोमध एक जोड होता. कापड कमी पडलं म्हणून हा जोड त्यांनी स्वतः दिला होता, विणीला वीण जुळवून, कोणाला दिसू नये असा. हा कोट त्यांनी शिवला होता. वहिनींसाठी.

"आणि खाली बघा," डॉक्टर म्हणाले, "कोटाच्या कडेला ते पांढरे दोरे. तुटत आलेल्या आयुष्याचे धागे आहेत ते, असं फोटोग्राफर म्हणाला."

ते आयुष्याचे धागे नव्हते, कच्चे टाके होते. म्हणजे हा फोटो काढला तेव्हा कोट पुरा व्हायचा होता. आणि कोटाला कच्चे टाके घालून ते बहिणीच्या गावी आठवडाभर गेले होते. दुकानाची किल्ली मागे एकट्या वहिनींकडेच होती.

त्यांनी हा फोटो कोणी काढला म्हणून विचारायचा प्रयत्न केला, पण तोंडातून नुसता घोगरा हुंकार निघाला. "दुखतंय का?" म्हणत डॉक्टरांनी आणखी एक सुई टोचली.

सही मास्तरांनी उठताना वाचली. सही हलूनकाची होती.

हलूनका म्हणजे कोपऱ्यावरचा फोटोग्राफर. पासपोर्टचे फोटो काढता काढता त्याचं आयुष्य 'हलू नका, हलू नका' म्हणण्यात गेलं, तेच त्याचं नाव पडलं. सडपातळ, सदा गळ्यात मफलर, एकटा जीव. स्टुडिओच्या वर त्याची खोली, आणि त्या खोलीला म्हणे फार सुंदर खिडकी होती. हे आपल्याला कोणी सांगितलं, ते मास्तर आता पहिल्यांदाच आठवू लागले.

जेवताना मास्तरांनी भात चिवडत सहज विचारल्यासारखं विचारलं, "मी ताईकडे गेलो होतो तेव्हा कोणी आलं होतं का गं?"

"कोण येणार?" वहिनी पटकन म्हणाल्या. जरा जास्तच पटकन. आणि मग न मागता त्यांच्या ताटात भात वाढला.

न मागता वाढलेला भात मास्तरांनी ताटाच्या कडेला सारून ठेवला. दाढेची जागा तर दुखतच होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या चपला शिवणाऱ्याला गाठलं. हा माणूस बसल्या जागेवरून साऱ्या गल्लीच्या पायांवर नजर ठेवून असायचा. चष्मा मात्र बायकोने सक्ती केल्याखेरीज लावत नसे.

"मी गावाला होतो तेव्हा काय बघितलं असशील ते स्पष्ट सांग," मास्तर म्हणाले.

"माझं कशाला नाव घालता, मास्तर? मी गरीब माणूस."

"गरीब आहेस म्हणूनच दिवसभर बघत बसतोस. सांग."

"तुम्ही गावाला होता. सकाळी सकाळी हलूनका तुमच्या दुकानातून बाहेर पडला. बरोबर एक बाई. वरून चादर पांघरलेली, खाली कोट दिसत होता. वहिनी दारात उभ्या होत्या का ती बाई म्हणजेच वहिनी होत्या, ते मला कळलं नाही, खोटं का बोलू? पण त्याने तिला कमरेला धरून स्टुडिओच्या जिन्यावर चढवलं. उचललंच जवळजवळ."

"आणि ती?"

"ती काही बोलली नाही बुवा. ताठ होती."

मास्तर दुकानात आले आणि एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावून बसले. वीस-पंचवीस वर्षांचा संसार आपला होता की नव्हता, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. वहिनींना सरळ विचारायची छाती नव्हती. त्या 'हो' म्हणाल्या तर? म्हणून ते हलूनकाकडे गेले, पासपोर्टचा फोटो काढायला. कुठल्या देशाला निघालात, असं सुदैवाने त्याने विचारलं नाही.

स्टुडिओत एक स्टूल, मागे निळा पडदा, आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. तो कंगवा कोण चोरणार होतं, देव जाणे.

"हनुवटी वर. हलू नका."

"डॉक्टरांकडे तुझा फोटो बघितला," न हलता मास्तर म्हणाले.

हलूनकाचा हात कॅमेऱ्यावरच थांबला. "हो का? कसा वाटला?"

"बाई कोण आहे?"

"आहे एक." त्याने मफलर नीट केला. "मास्तर, त्या खिडकीतला उजेड सकाळी अगदी मंद असतो. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, तेवढ्यात माणूस हललं की फोटो गेला. माझी आत्येबहीण उभी केली, तिला शिंक आली. भाचीला हसू आलं. जरा श्वास घेतला तरी पाठ हलते. आणि ही उभी राहिली ती राहिली."

"कोण?"

"नाव कशाला? लोक फोटो बघून म्हणतात, काय एकटेपणा आहे हिच्या पाठीत. एक बाई तर माझ्यासमोर रडल्या. नाव कळलं तर माझं हसं होईल."

"तुझं हसं," मास्तर उठले. स्टूल आडवं झालं. "आणि माझं? कोट मी शिवलाय. तो जोड मी दिलाय. ती पाठ मी ओळखतो, हलूनका. ती माझी बायको आहे."

हलूनका मफलरात तोंड खुपसून असा काही हसू लागला की मास्तरांचा हात दोरीच्या कंगव्याकडे गेला; हाताशी दुसरं शस्त्र नव्हतं.

"मास्तर, ती तुमची बायको नाही. तुमची डमी आहे."

दुकानातली कापडाची डमी. एका लाकडी पायावर उभी राहणारी, बिनडोक्याची, जिच्या अंगावर मास्तर रोज कोट चढवत आणि उतरवत. येता-जाता काचेतून हलूनकाने तिच्यावर तो कोट पाहिला आणि वहिनींच्या पाया पडून सकाळपुरती मागून नेली. डमीला कोणी हात लावलेला मास्तरांना खपत नाही, म्हणून वहिनींनी चादर घालून दिली आणि कोणाकडे बोलू नकोस असं बजावलं. त्या पटकन का बोलल्या आणि भात का वाढला, त्याचा असा उलगडा झाला.

मास्तर जवळजवळ पळतच घरी आले. अंगावरून डोंगर उतरला होता, आणि डोंगर उतरलेला माणूस जी चूक करतो ती त्यांनी केली. बायकोला सगळं सांगितलं, हसत हसत, चपलावाल्याची नक्कल करून.

वहिनी हसल्या नाहीत.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही माझ्या ताटाला ताट लावून जेवत होता, आणि मनात हे?"

"अगं, कोट तुझा, जोड माझा..."

"आणि अक्कल कोणाची?"

त्या दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. बत्तीशी ठणठणीत. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं तरी त्यांची नजर भिंतीवर. बराच वेळ बघून आल्या, त्या थेट दुकानात. मास्तर इस्त्री फिरवत होते.

"अहो, ती पाठ माझी नाही."

"डमीची आहे, सांगितलं ना."

"डमी तुम्ही माझ्या मापाची केली होती ना? लग्न ठरलं तेव्हा, कापूस भरून? मला तर तसंच सांगितलं होतं. ती कंबर माझी नाही. माझी कंबर जन्मात तेवढी बारीक नव्हती. आईला विचारा हवं तर. कोणाची आहे?"

मास्तरांनी इस्त्री उभी ठेवली. कोट जळायचा वाचला, तेवढंच.

"तुझीच आहे. तेव्हा तुझ्याभोवती फीत धरायची सोय होती का? तुझे वडील शेजारी बसलेले. मी चहा पिता पिता नुसत्या डोळ्यांनी माप घेतलं. चुकलं असेल."

"शिंप्याचं माप चुकलं?"

"तुझ्याकडे बघताना चुकलं."

दुसरी कोणी असती तर इथे विरघळली असती. वहिनींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, गिऱ्हाइकाने कापड न्याहाळावं तसं.

"डोळ्यांनी माप घेता म्हणजे," त्या म्हणाल्या. "आणि अशी आजवर किती जणींची घेतलीत?"

तेव्हापासून कोणी बाई कोट शिवायला आली की वहिनी भाजीची परात घेऊन दुकानात उतरतात आणि कापायच्या टेबलाच्या कडेला बसतात. मास्तर फीत धरतात, माप सांगतात, आणि तो आकडा वहिनी मोठ्याने पुन्हा म्हणतात. मास्तर डोळे फितीवरून वर उचलत नाहीत. एकदा त्यांनी डमीच्या कमरेला आणखी कापूस भरायला घेतला, भांडण मिटावं म्हणून. वहिनींनी कापूस हातातून काढून घेतला.

"राहू दे तशीच," त्या म्हणाल्या. "हिच्या मापाची खरी कोणी निघाली तर मला कळायला हवी."