पहिल्या बोंडाचा मान

मंदे, सीतादहीच्या दिवशी मी सासर सोडलं. कापसाच्या वेचणीआधी शेतात दहीभात वाहायचा आणि घरच्या सुनेने पहिलं बोंड तोडायचं. सहा वर्षं तो मान माझा होता. बोंडअळीच्या त्या वर्षी सासूबाईंनी दहीभाताची वाटी माझ्या हातातून घेऊन जावेला दिली. "हिच्या हातचं नोको, हिची पिशवी काढली हाये," म्हणाल्या, तेही वेचायला आलेल्या बायांसमोर. मी पोरीला कडेवर घेतलं आणि बाभुळगावचा स्टँड गाठला.

गर्भाची पिशवी काढायला नेलं कुणी? त्यांनीच! माझ्या अंगावरून जास्त जायचं, वेचणीचे दिवस बुडायचे, आणि अळीतून वाचलेला कापूस तर झटपट घरात आणायचा होता. डॉक्टरने पोटाला हात लावला न लावला, कॅन्सर होईल म्हणाला. मी अठ्ठावीस वर्षांची. आपली आई म्हणाली, "एक पोरगी झाली ना तुले, आता कायले पायजे ते?" सही मीच केली. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. आणि ज्यांनी पिशवी काढायला लावली त्यांनाच मी अपशकुनी झाले, हे आठवलं की आजही अंगाची आग होते.

पुण्यात आधी मेसमध्ये पोळ्या लाटल्या. आता चित्रकलेच्या कॉलेजात मॉडेल म्हणून बसते. हो, अंगावर कपडा नसतो. आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. पहिल्या दिवशी अंगावरची चादर सोडायला तयार नव्हते, पण पोरं फक्त उजेड कुठे पडतो ते बघत होती. परवा मात्र एका मुलीने चित्रात माझं पोट अगदी गुळगुळीत दाखवलं. ब्रेकमध्ये विचारलं तर म्हणाली, "मावशी, त्या व्रणाने बाईपण कमी वाटतं." माझं डोकंच फिरलं. इतक्या लांब येऊन हेच ऐकायचं? व्रण कागदावर दिसला नाही तर उद्यापासून बसणार नाही, असं सरांसमोर सांगितलं. तिने मान खाली घालून तो रेखाटला.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. वेचणीआधी तुलाही त्याच डॉक्टरने पिशवी काढायची तारीख दिलीय. मंदे, जाऊ नको. इथल्या सरकारी दवाखान्यात मी विचारून आले. आधी सोनोग्राफी, मग गोळ्या, ऑपरेशन अगदी शेवटी. घरचे विचारतील, कापूस कोण वेचणार? त्यांच्या हातांना काय झालंय, विचार.

घर म्हणशील तर माझी आणि पोरीची एकच खोली आहे, पत्र्याची. उन्हाळ्यात तापते, पाणी खालून आणावं लागतं. पण दुखत असेल त्या दिवशी इथे कुणी उठवत नाही. ये.