दिल्लीचं स्मारक आणि आम्ही तिघं

डोंगरे, वानखेडे अन् मी. फॅक्टरीत एकाच सेक्शनला होतो, आता रिटायर्ड. दर रविवारी जबलपूरच्या चेरीतालला जमतो. दिल्लीला जाऊन संविधानकारांचं राष्ट्रीय स्मारक पाहून आलो, तेव्हापासून किस्से संपतच नाहीत. ते दोघं हसून सांगतात. मी मान खाली घालून ऐकतो. बहुतेक किस्से माझेच!

*

गाडीत समोरच्या गृहस्थानं विचारलं, "भैया, दिल्ली किस काम से?"

मी पटकन म्हणालो, "शादी में."

डोंगरे लगेच, "अच्छा? मंग आपल्यातून नवरदेव कोन हाय?"

गृहस्थाला मराठी कळलं नाही. मला कळलं!

*

रस्ताभर स्मारकावर माझं लेक्चर चालू होतं. पोचल्यावर गाइडनं विचारलं, "बताइए, इमारत किस आकार की है?"

मी छातीठोकपणे, "छतरी!"

"किताब है, अंकल. खुला हुआ संविधान."

डोंगरे कानात पुटपुटला, "तू कधी उघडलंच नाही, तं ओळखू कसं येईन?"

*

आत गाइड म्हणाला, त्यांचं अखेरचं राहतं घर याच जागी होतं. मूळ घर राहिलं नाही. स्मारक खूप वर्षांनी झालं.

वानखेडे आमच्याकडं वळला. "इतके साल आपण काय करून राहिलो होतो?"

मी म्हणालो, "ओव्हरटाइम!"

मला वाटलं, हसतील. कोणी हसलं नाही.

*

तिथूनच नातीला व्हिडिओ कॉल लावला. पोरगी आठवीत. भिंतीवरचा त्यांचा मोठा फोटो दाखवला, तर म्हणते, "आजोबा, ये तो अपने अंदर वाले कमरे वाले हैं ना?"

वानखेडेनं ऐकलं. "आतल्या खोलीत? समोरच्या खोलीत काहून नाही लावला?"

"नेटवर्क गेलं," असं म्हणत मी फोन ठेवला. नेटवर्क फुल होतं.

*

बाहेर निघताना अभिप्रायाची वही होती. मी लिहिलं, 'प्रकाश कुमार, जबलपूर. बहुत सुंदर.' तरुणपणी खोली शोधताना एका घरमालकानं आडनाव विचारलं, तेव्हा खरं लपवायला 'कुमार' सुचलं. तेच चिकटलं. सराफ्यातले दुकानदारसुद्धा 'कुमारजी'च म्हणतात.

मग डोंगरेनं पेन घेतलं. वहीवर वाकून लिहू लागला. वेळ लागत होता. मी वैतागलो, "काय निबंध लिहून राहिला बे? ऑटो उभा हाय!"

त्यानं वही फिरवून माझ्यापुढं सरकवली.

स्वतःचं नाव त्यानं अजून लिहिलंच नव्हतं. माझ्या ओळीतलं 'कुमार' खोडलं होतं. वर एकेक अक्षर सावकाश कोरून लिहिलं होतं... मेश्राम.