तिच्या पेशी, माझ्या पेशी

आम्ही दोघी जुळ्या. शाळेत बाई एकीचा ओरडा दुसरीला द्यायच्या, इतक्या सारख्या. लग्नानंतर मी पेणला आले, ती रोह्याला गेली. तिशी उलटली आणि माझ्या बोटांचे सांधे सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे, शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच सांध्यांवर उलटल्यात. तिला मात्र काही झालं नाही.

मोड आलेल्या वालांची सालं काढणं मला जमेनासं झालं, तेव्हापासून ती येताना डबाभर बिरडं सोलून आणायची. मी ते शिजवायचे, वाढायचे आणि तिच्या सरळ बोटांकडे बघत आतल्या आत जळायचे. एकाच पोटातून आलो, मग हे माझ्याच वाट्याला का? ती जेवताना माझ्या हातांविषयी कधी बोलायची नाही. मीठ बरोबर पडलंय म्हणायची.

पुढे मुंबईच्या माझ्या डॉक्टरांनी एका संशोधनासाठी दोघींचं रक्त मागितलं. एक आजारी, दुसरी धडधाकट, अशा जुळ्या त्यांना हव्या होत्या. ती लगेच हो म्हणाली. तिचं ते सहज हो म्हणणंही मला खुपलं.

काही महिन्यांनी तिथल्या संशोधक मुलीनं आम्हाला बोलावलं. पूर्वी सगळ्या पेशी एकत्र तपासायचे, त्यात सरासरी तेवढी कळायची. आता प्रत्येक पेशी सुटी करून तिच्यात कुठली जनुकं चालू आहेत ते वाचतात, असं तिनं समजावलं. पडद्यावर एकेक पेशी म्हणजे एकेक ठिपका, सारख्या स्वभावाच्या पेशी जवळजवळ. माझ्या चित्रात एका कोपऱ्यात दाट गर्दी होती. त्या चिडलेल्या पेशी, ती मुलगी म्हणाली. बहिणीच्या चित्रात तो कोपरा मोकळा असणार, असं मी धरूनच चालले होते. तिथंही थोडे ठिपके होते.

मुलीनं घाईघाईनं सांगितलं की याचा अर्थ आजार होईलच असा नाही, त्या पेशींना यांच्या शरीरात कोण आवरून धरतंय तेच आम्ही शोधतोय. माझं तिकडे लक्ष नव्हतं. मला बरं वाटलं होतं. शेजारी बहीण पडद्यावरचे ते ठिपके बघत होती.

परतताना पनवेलहून रोह्याची गाडी धरली. बराच वेळ ती एकेक बोट मिटून उघडून बघत होती. मग म्हणाली, "तुझं पहिलं काय दुखलं होतं गो?"

इतक्या वर्षांत तिनं हे पहिल्यांदा विचारलं.

"उजव्या हाताचं हे बोट," मी म्हटलं. "सकाळी वेणीला रबर लावता येईना."

"मला सांगितलं नायस."

"तू विचारलं नाहीस."

पेण आलं. मी उठले नाही. घरी फोन करून सांगितलं की आज हिच्याकडे राहते. पुढे रोह्यापर्यंत ती विचारत राहिली, भाकरी थापताना काय होतं, जिना चढवतो का, मुलांना कळतं का. मी सगळं सांगितलं.

तिला अजून काही झालेलं नाही, आणि होऊ नये असंच मला वाटतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर तिनं सरळ बोटांवरून हिरव्या बांगड्या भराभर हातात चढवल्या, आणि मी दुसऱ्या खोलीत निघून गेले.