तुळजाक्का दारात वाकली होती

आधीच सांगून ठेवतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं... पण मी पाहिलं ते पाहिलं!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. तंजावरात आमचे मोठे डॉक्टर मणक्याच्या क्षयाची ऑपरेशनं करायचे आणि पुढे त्या पेशंटांचं काय होतं, याचा अभ्यासही. सहा महिन्यांनी सायकलवरून घरोघर जाऊन फॉर्म भरणं हे माझं काम. शेरे तीनच – चांगला, मध्यम, वाईट. ‘वाईट’ला परत तपासायला बोलवायचे, ‘चांगला’ लिहिलं की फाइल बंद.

बायकांसाठी मी एक शॉर्टकट काढला होता. तिकडे दारातला कोलम, म्हणजे आपली रांगोळी, उभ्यानं कमरेतून वाकून काढतात. पेशंट कोलम काढताना दिसली की आणखी विचारायचं काय? दारातूनच ‘चांगला’ लिहायचं आणि सायकल वळवायची.

तिरुवैयारूची तुळजाक्का आपल्याच मराठी माणसांतली. सकाळचे आठ, लख्ख ऊन. ती दारात वाकून कोलम काढत होती. मी हाक मारली, तिनं मान वर करून हसून पाहिलं आणि आत गेली. मी ‘चांगला’ लिहिलं. तहान लागली होती, म्हणून पाणी मागायला तिच्या मागोमाग आत शिरलो...

तुळजाक्का खाटेवर पडलेली! नवरा तिला चमच्यानं कांजी पाजत होता.

“तीन महिने झाले, सार. कूस बदलायची असली तरी मीच लागतो,” तो म्हणाला.

“मग दारात कोलम कोणी काढला?”

“कोण काढणार? घरात दुसरी बाई नाही. मजला कुठं येतं ते!”

तो बाहेर जाऊन बघून आला. कोलम खरंच होता. मी पाहिलं ते अक्काला सांगितलं. वाटलं, घाबरेल, देवाला हात जोडेल. छे! ती भडकलीच.

“अय्यो, तिला वाकता येतं? मग मजला का नाही? तिचं काही लिहू नको. खाटेवर मी आहे. माझं लिही!”

मी शेरा खोडून ‘वाईट’ लिहिलं.

डॉक्टरांनी खाडाखोड पकडली. खोटं बोलवेना, सगळं सांगितलं.

“म्हणजे वाकताना स्वतः पाहिलंस. मग ‘चांगला’ लिही.”

“नाही लिहिणार, सार. हवं तर नोकरी घ्या.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना उलट बोललो. आठ दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला; पण अक्काला परत बोलावलं. पाठीत पू साठला होता. तो काढला, आणि हळूहळू ती आपली आपण कूस बदलू लागली.

माझं मन मात्र खाऊ लागलं. दारातूनच ‘चांगला’ लिहिलेल्या सगळ्यांच्या घरी मी परत गेलो, या वेळी आत. आणखी दोन घरांत बाई खाटेवर होती, कित्येक महिने. त्या दोघींनाही मी वाकताना पाहिलं होतं... माझ्या या डोळ्यांनी!

ते काय होतं, मला आजवर कळलेलं नाही. दोघींच्याही फाइली उघडल्या आणि शेरा खोडून ‘वाईट’ लिहिलं. डॉक्टरांना विचारलं नाही.